‘खट्’ आवाजावर भरवसा नको : घोडा ट्रेलरला जोडताना

आजचा विषय ऐकायला छोटा आहे, पण यात चुकलं तर ड्रायव्हरचा पगार जातो, मालकाचा माल जातो आणि कधीकधी क्लीनरचा जीवही जातो. घोडा ट्रेलरला जोडायचा कसा आणि जोडल्यावर यार्डात वळवायचा कसा, ते आज पाहू.

आमच्या रायपूरच्या टाटीबंध चौकात तासभर उभं राहिलात, तर ट्रेलरची रांग काही संपत नाही. सिलतरा आणि उरल्याच्या कारखान्यांतून सळया, बिलेट, स्पंज आयर्न घेऊन या गाड्या राष्ट्रीय महामार्ग 53 ने नागपूरकडे निघतात. गोंदिया, भंडारा, नागपूरकडची आपली कितीतरी पोरं त्यांवर आहेत. 2018 पासून अशा जोडगाडीचं एकूण वजन 55 टनांपर्यंत चालतं. आणि एवढं ओझं ओढणारी जोडणी कसली? मुठीत मावेल एवढी एक खुंटी, म्हणजे किंगपिन. घोड्याच्या पाठीवरच्या फिफ्थ व्हीलमध्ये ती अडकते. फिफ्थ व्हील म्हणजे पाचवं चाक. हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. पुढचा आस वळावा म्हणून गाडीखाली एक आडवं चक्र बसवत, त्याचं हे नाव. आपले ड्रायव्हर पुलरला ‘घोडा’ म्हणतात, ते उगाच नाही.

माझ्या डोळ्यांसमोरचा एक प्रसंग सांगतो. एका यार्डात ड्रायव्हरने घोडा मागे घेतला, ‘खट्’ असा आवाज आला, त्याने पाइप जोडले, पाय वर उचलले आणि निघाला. पहिल्याच वळणावर किंगपिन सुटली आणि सळयांनी भरलेला ट्रेलर नाकावर आपटला. पाय वाकले, पाइप तुटले. नशीब की मध्ये कुणी नव्हतं. ड्रायव्हर एकच वाक्य बोलत होता, ‘आवाज तर आला होता हो!’

आवाज आला होता, खरंच. पण ट्रेलर जास्त उंच उभा असेल, तर जबडा किंगपिनच्या मानेवर न बसता खालच्या बोंडावर बसतो. आवाज येतो, हँडल आत गेल्यासारखं दिसतं, हलकासा झटकाही सहन होतो आणि मग रस्त्यावर खड्डा लागला की सुटतं. म्हणून काम क्रमाने करायचं.

आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि त्याचा पार्किंग ब्रेक लागलाय का ते पाहा. नुसत्या हवेच्या ब्रेकवर उभा राहिलेला ट्रेलर हवा गळाली की मोकळा होतो. शिवाय ब्रेक न पाहता लाल पाइप जोडला, तर टाकीत हवा भरते, ब्रेक सुटतात आणि उतारावर ट्रेलर अंगावर येतो. मध्ये उभं राहून पाइप जोडणाऱ्याला पळायला जागा नसते.

मग घोडा सरळ रेषेत मागे घ्या आणि ट्रेलरला टेकायच्या आधी थांबा. खाली उतरा. ट्रेलरची पुढची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे घोडा आत शिरताना ट्रेलर थोडा उचलला जाईल. प्लेट फार खाली असेल तर धडक बसून पाय वाकतात. फार वर असेल तर किंगपिन वरून सरकत थेट केबिनच्या पाठीकडे येते. उंची पायाचं हँडल फिरवून नीट करा, घोड्याचा धक्का देऊन नाही.

किंगपिनचं मापही पाहा. आपल्याकडे 2 इंची आणि 3.5 इंची अशा दोन्ही चालतात. साडेतीन इंचाच्या जबड्यात दोन इंची पिन आत जाते, पण धरली जात नाही. 2 इंची नवी पिन 50.8 मिलिमीटरची असते. झिजून 49 वर आली की बदलायची.

जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लागलेले असतानाच खालच्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून पाहा. नंतर बॅटरी घेऊन खाली वाका. दोन प्लेटमध्ये फट नको, जबडा पिनच्या मानेभोवती पूर्ण मिटलेला हवा, हँडल आत आणि त्याची सेफ्टी क्लिप लागलेली हवी. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाय उचलू नका. पाहून झालं की लाल-पिवळे पाइप आणि लाइटची वायर जोडा, मग पाय पूर्ण वर घ्या आणि शेवटी ठोकळे काढा.

सिलतऱ्याकडे आणखी एक त्रास आहे. कारखान्यांची काळी धूळ ग्रीसवर बसते आणि तेच ग्रीस पॉलिश पेपरसारखं घासू लागतं. जुनं ग्रीस पुसूनच नवं लावा. पावसाळ्यात कन्हार मातीवर ट्रेलर सोडायचा असेल, तर पायांखाली जाड फळ्या टाका. नाहीतर पाय रुततात, ट्रेलर खाली जातो आणि पुढच्या वेळी घोडा आतच शिरत नाही.

आता वळवणं. रिव्हर्समध्ये स्टिअरिंगचा खालचा भाग धरा. हात ज्या बाजूला जाईल, त्या बाजूला ट्रेलरची शेपूट जाते. थोडंथोडं फिरवा. जास्त फिरवलंत तर घोडा आणि ट्रेलर चाकूसारखे मिटतात, केबिनचा कोपरा ट्रेलरवर आदळतो आणि पाइप ताणून तुटतात. वाकडं जातंय असं वाटलं तर थांबा, पुढे घ्या, सरळ करा आणि पुन्हा या. पुढे घेण्यात कमीपणा नाही.

आपली सीट उजवीकडे असते. त्यामुळे शेपूट उजवीकडे वळेल असाच शिरकाव निवडा. डावीकडे वळली की आरशात ट्रेलरची भिंतच दिसते. भरलेला तीन आसांचा ट्रेलर जागच्या जागी वळवू नका. मधला आस टेकून राहतो, पुढची-मागची चाकं आडवी घासत जातात, टायर आणि सस्पेन्शन दोन्ही मरतात. पुढे वळतानाही मागची चाकं आतून कापत येतात, म्हणून गेटचा खांब आणि मोटारसायकलवाला दोन्ही आरशात ठेवा.

मागे घेताना इशारा देणारा माणूस एकच असावा आणि तो आरशात दिसत राहावा. दिसेनासा झाला की ब्रेक. घोडा आणि ट्रेलरच्या मध्ये तर गाडी हलत असताना कुणीच नको, मग घाई कितीही असो.

या सगळ्याला वेळ किती लागतो? दहा मिनिटं. भनपुरीत मोडलेले पाय दुरुस्त करायला टाकलेत, तर गाडी दोन-तीन दिवस सहज उभी राहते आणि ते पैसे शेवटी कुणाच्या हिशोबातून कापले जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तेव्हा आवाज आला तरी खाली उतरा, वाकून पाहा आणि मगच निघा.