ठरावाचा पत्ता : कलावंतांची संमेलने आणि सांस्कृतिक धोरण



गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला दारातच गाठले. म्हणाले, "सर, दरवर्षी कुठे नाट्यसंमेलन, कुठे साहित्यसंमेलन, कुठे लोककलावंतांचा मेळावा. मंडप उभा राहतो, मंत्री येतात, ठराव होतात, जेवणं होतात. पुढं काय?" प्रश्न साधा आहे, म्हणूनच अवघड आहे. आज त्याचाच विचार करू.

आधी एक आठवण सांगतो. आम्ही एकदा अशाच एका संमेलनाच्या ठराव समितीवर होतो. गावाचे नाव घेत नाही. समारोपाच्या सत्रात अकरा ठराव वाचले गेले आणि अकराही मंजूर झाले. सगळ्याला मिळून वीस मिनिटे लागली. मागच्या बाजूला मंडपवाल्याची पोरे खुर्च्या एकात एक घालायला लागली होती. बाहेर आलो तर एक वयस्क ढोलकीवाले कट्ट्यावर बसले होते. त्यांनी विचारले, "मास्तर, आता हे कागद कुठं जाणार?" आम्ही म्हणालो, "सरकारकडे." ते म्हणाले, "सरकार म्हंजी कोण? आमच्या गावात तर तलाठी हाय."

आम्ही हसलो. पण परतीच्या एस.टी.त लक्षात आले की, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवूनही हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलेला नव्हता. 'शासनाने करावे' असे आम्ही अकरा वेळा लिहिले होते. शासन म्हणजे नेमके कोण, हे एकदाही लिहिले नव्हते.

सरकार म्हणजे कोण?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी केलेली आहे. त्यातल्या राज्यसूचीत ३३ वी नोंद आहे ती नाट्यगृहे, नाट्यप्रयोग, करमणूक यांची. चित्रपटाला प्रमाणपत्र द्यायचे ते केंद्राने, ही संघसूचीतली ६० वी नोंद. म्हणजे नाटक-तमाशा हा प्रामुख्याने राज्याचा विषय आहे. कलावंतांनी राज्य पातळीवर एकत्र यायचे, त्यामागे भाषेचा जिव्हाळा आहेच. पण घटनेने अधिकार जिथे ठेवला आहे तिथे जाऊन बोलायचे, हेही कारण आहे.

आता गंमत बघा. नाटक राज्याचे, पण नाट्यगृह बहुतेक वेळा महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले, ते महापालिकेचे. तिथले भाडे, तारखा, स्वच्छतागृह या गोष्टी मंत्रालयात ठरत नाहीत. आणि तिकिटावरचा कर? जीएसटी आल्यापासून तो निर्णय जीएसटी परिषदेचा. २०१८ पासून नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला या करातून सूट आहे. ही मर्यादा वाढवा असा ठराव सांस्कृतिक कार्य मंत्र्यांच्या हातात दिला, तर ते नमस्कार करून तो घेतील, पण त्यांच्या हातात ते नाही. 'राज्याने ही मागणी जीएसटी परिषदेत मांडावी' असे लिहिले, तर मात्र तो कागद योग्य दारावर पोचतो.

पत्राला पत्ता नसेल तर पोस्टमनला दोष देता येत नाही. ठरावाचेही तसेच. ढोलकीवाल्यांनी आम्हाला शिकवलेला हा पहिला धडा.

आश्रय, अनुदान, अधिकार

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. कलावंत शासनाकडे मागतो, ते कोणत्या नात्याने? इथे आपण तीन शब्दांची सरमिसळ करतो : आश्रय, अनुदान आणि अधिकार.

आश्रय म्हणजे राजाने गुणाची कदर करणे. कोल्हापूर हे त्याचे सुंदर उदाहरण. राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात आणले, कुस्तीला खासबाग मैदान दिले, आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे केले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झाले. पण आश्रयात एक उणीव असते. राजा रसिक असला तर कलेला बरे दिवस, नसला तर नाही. कलावंताला दाद मागायला जागा नसते, कारण त्याला मिळालेली गोष्ट कृपा असते.

हेच नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत जळाले. कोल्हापूरची माणसे रडली आणि 'आमचं थिएटर पुन्हा बांधा' म्हणाली. त्या 'आमचं' या शब्दाकडे लक्ष द्या. राजाने दिलेली वास्तू शंभर वर्षांत लोकांची झाली होती. आता ती उभी करणे ही कुणाची मेहेरबानी नव्हती, ते कर्तव्य होते. आश्रयापासून अधिकारापर्यंतचा प्रवास तो हाच.

या दोहोंच्या मध्ये उभे असते अनुदान. ते लोकांच्या पैशातून येते, पण देणाऱ्याचा हात मात्र राजाचाच असल्यासारखा वागतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे उदाहरण घ्या. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही तमाशासम्राज्ञी. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा अखेरचे दिवस हलाखीत काढून गेल्या. २००६ पासून त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार चांगलाच आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण विचार करा, त्या हयात असताना त्यांना पुरस्काराची गरज अधिक होती, की दवाखान्याचे बिल भरले जाईल अशा हमीची?

वृद्ध साहित्यिक-कलावंतांच्या मानधनाचेही बघा. कित्येक वर्षे त्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा श्रेणी होत्या. जिल्हा पातळीच्या कलावंताला कमी रक्कम. जणू जिल्ह्यातल्या माणसाची भूकही जिल्हा पातळीचीच असते! २०२४ मध्ये श्रेणीनुसारचा हा भेद काढून सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. रक्कम थोडी आहे, पण पाऊल तत्त्वतः मोठे आहे. श्रेणी हा गुणाचा हिशेब होता, आता तो गरजेचा झाला. पुरस्कार गुणाला द्यावा, म्हातारपणाचा आधार माणसाला द्यावा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे म्हणजेच धोरण.

इथे कुणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की शेतकऱ्याच्या आणि हमालाच्या पैशातून नाटकवाल्यांना का द्यायचे? आमचे उत्तर असे : कलावंताचे लाड म्हणून देऊ नये. शेतकऱ्याच्या मुलालाही नाटक बघता यावे, वाचनालयात जाता यावे, यात्रेत आपल्या आजोबांनी पाहिलेला वग बघता यावा, म्हणून द्यावे. घटनेच्या कलम २९ ने आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क दिला आहे, तो नागरिकांच्या गटाला, फक्त कलावंतांना नव्हे. जो ठराव प्रेक्षकाला विसरतो, तो फक्त एका धंद्याची मागणी होऊन बसतो.

देणारा हात आणि तपासणारा हात

पैसा शासनाचा असेल तर शब्दही शासनाचाच चालणार का? ब्रिटनमध्ये १९४६ साली आर्ट्स कौन्सिल स्थापन झाली. तिच्यामागे अर्थशास्त्रज्ञ केन्स होते. कल्पना अशी की, सरकारने पैसा द्यावा, पण कुणाला द्यायचा ते सरकारपासून हातभर अंतरावर असलेल्या मंडळाने ठरवावे. आपल्याकडेही १९५४ साली स्थापन झालेली साहित्य अकादमी स्वायत्तच मानली गेली; तिचे पहिले अध्यक्ष मात्र स्वतः पंतप्रधान नेहरू होते. हातभर अंतर राखायचे कसे, हा प्रश्न आपल्याला तेव्हापासूनचा आहे.

महाराष्ट्रात तो अधिक टोकदार आहे. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर ज्या जमान्यात बंदी आली, त्या जमान्यातला १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा अखेर २०१८ मध्ये रद्द झाला. पण रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहेच, आणि प्रयोगाआधी संहिता त्याच्याकडे द्यावी लागते. म्हणजे एक हात अनुदान देतो आणि दुसरा पाने चाळतो.

संमेलनाची खरी परीक्षा इथे होते. कराडला १९७५ साली आणीबाणीत साहित्यसंमेलन भरले. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध बोलायचे ते त्याच मंडपात बोलून दाखवले. उलट २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाचे निमंत्रण नयनतारा सहगल यांना देऊन मागे घेतले गेले. मंडपाचा खर्च कुणी केला, यावर मंडपात काय बोलायचे ते ठरू लागले, तर तिथे अनुदानाचे ठराव कितीही झाले तरी उपयोग नाही.

मंडपात कोण नाही?

आता सर्वांत अवघड भाग. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांना गेले. त्यांनी नकार कळवला. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला आणि मानवी हक्कांना जागा नाही, तिथे येऊन आम्ही काय करू, असा त्यांचा आशय होता. ते पत्र आजही प्रत्येक संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेला मनातल्या मनात जोडून वाचावे असे आहे.

कारण जो मंडपात नसतो, त्याच्याविषयी इतर लोक ठरवतात. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. फडांची चूल विझण्याची वेळ आली. त्याच काळात अण्णाभाऊ साठे आणि त्यांच्या सोबत्यांनी 'लोकनाट्य' हा शब्द पुढे आणला. कला तीच, पण नाव बदलल्यावर ती चालली. शब्दावर पोट अवलंबून असते ते असे. आजही जीएसटीत दीड लाखापर्यंतच्या बिदागीला सूट आहे, ती 'लोककला किंवा शास्त्रीय' कलाप्रकार सादर करणाऱ्या कलावंताला. मग शाहिरी बाजाचे नवे पथनाट्य कशात बसवायचे? याचा अर्थ लावताना टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याने फड पाहिलेला नसेल, तर दोष फक्त त्याचा नाही. त्याला समजावून सांगणारे संमेलन कमी पडले.

पाठपुरावा

निराश होण्याचे मात्र कारण नाही. सार्वजनिक ग्रंथालयांची गोष्ट ऐका. ग्रंथालयांच्या विकासाचा विचार करायला मुंबई सरकारने १९३९ मध्ये फैजी समिती नेमली. ग्रंथालय चळवळीतली मंडळी नंतर बोलत राहिली, परिषदा घेत राहिली, आणि १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. अठ्ठावीस वर्षे लागली! पण त्यामुळे गावच्या वाचनालयाचे अनुदान कुणाच्या मर्जीवर न राहता नियमात आले. ते अपुरे आहे, उशिरा येते, ही तक्रार खरी. पण तक्रार करता येते, कारण कायदा आहे. आश्रयाची तक्रार करता येत नाही.

सांस्कृतिक धोरणही महाराष्ट्राला आहे. डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या कामातून २०१० मध्ये ते आले, आणि फेरविचार होऊन २०२४ मध्ये नव्या धोरणाला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. ती शासनाने स्वतः दिलेली कबुली आहे. ती वाचून, 'यातले हे झाले, हे राहिले' असे दरवर्षी मांडणे हे राज्यस्तरीय संमेलनाचे पहिले काम असावे.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. संमेलनाने अकरा ठराव करू नयेत, तीन करावेत. प्रत्येकावर चार गोष्टी लिहाव्यात : हे कुणाच्या अधिकारात आहे, खर्च किती येईल, कधीपर्यंत व्हावे, आणि आपल्यापैकी कोण त्याच्या मागे फिरणार. आणि पुढच्या संमेलनाची सुरुवात स्वागतगीतानंतर लगेच गेल्या वर्षीच्या तीन ठरावांच्या हिशेबाने करावी, अध्यक्षीय भाषणाच्या आधी.

ते ढोलकीवाले आम्हाला पुन्हा भेटले नाहीत. भेटले, तर आता त्यांना सांगता येईल की सरकार म्हणजे तलाठीही आहे, महापालिकाही आहे, मंत्रालयही आहे, आणि दिल्लीतली परिषदही आहे. पण ते पुढे विचारतील, "मग मास्तर, आमचा कागद घेऊन तिथवर कोण गेलं?" त्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात नाही. ते आपल्याला, तुम्हाला आणि आम्हाला, द्यायचे आहे.

आता प्रश्न घेऊ.