आधीच्या मालकाचा वसंत

इंग्लंडमधल्या नव्या घरात आम्ही राहायला आलो ते नोव्हेंबरात. मागची बाग म्हणजे काळपट चिखल आणि कुंपणालगत वाळक्या काड्या. घराच्या कागदपत्रांत बॉयलरपासून गटारापर्यंत सगळ्याची नोंद होती. मातीखाली काय आहे, याची नव्हती. जानेवारी सरता सरता स्नोड्रॉपची पांढरी फुलं मान खाली घालून उभी राहिली. मग क्रोकस. मार्चमध्ये डॅफोडिलची पिवळीधमक रांग. व्हिडिओ कॉलवर दाखवली तर आईने विचारलं, "कुणी लावली गं?"

लावली कुणीतरी आधीच्यांनी. पण गंमत पुढेच आहे. डॅफोडिलचा कंद कांद्यासारखाच असतो: पाकळ्यांत अन्न साठवलेलं आणि मधोमध कोंब. या कोंबात पुढच्या वर्षीची कळी आदल्या उन्हाळ्यातच धरते. म्हणजे आम्ही घराच्या कागदांवर सह्या केल्या, तेव्हा मार्चची फुलं जमिनीत बनून तयार होती.

मग ती थांबली कशासाठी? थंडीसाठी. ट्यूलिपचंच बघा, त्याच्या कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालचा गारठा मिळावा लागतो, तेव्हा कुठे दांडा नीट लांबतो. नाहीतर फूल खुजंच राहतं. म्हणून ट्यूलिपच्या बागा श्रीनगरला, पुण्यात नाहीत. आणि थंडी सरताच एवढी घाई करून उमलायचं कारण ऊन. वरच्या झाडांना पालवी फुटून सावली पडायच्या आत फुलायचं, पानांनी अन्न कमवायचं आणि पुन्हा जमिनीत गडप व्हायचं. आपला भुईचाफा चैत्र-वैशाखात पानाआधी फूल काढतो तेही गड्ड्यातल्या शिदोरीवरच, फक्त तो हळदीच्या कुळातला आणि त्याची पानं वाट पाहतात ती पावसाची.

खारींनी आमचे क्रोकसचे कंद उकरून खाल्ले, डॅफोडिलला तोंड लावलं नाही. त्यात लायकोरीन हे विष असतं. (कांदा समजून हा कंद भाजीत घालणारी माणसं मात्र असतात, उलट्यांवर निभावतं.) या विषामुळेच डॅफोडिल घरापेक्षा जास्त टिकतं. पडक्या, ओसाड वाड्यांच्या जागी भिंती उरत नाहीत, पण पायवाट कुठून होती ते डॅफोडिलची रांग दाखवते. याच कुळातल्या स्नोड्रॉपमधून १९५०च्या दशकात गॅलँटामिन वेगळं केलं गेलं. ते आज अल्झायमरच्या रुग्णांना देतात, आणि डॅफोडिलमधूनही ते मिळतं म्हणून वेल्समध्ये त्याची शेती होते.

एका कोपऱ्यात ट्यूलिपचं नुसतं एकेक रुंद पान आलं, फूल नाही. कंद लहान राहिला की असंच होतं.

फुलं सरल्यावर पिवळी पडत चाललेली पानं मी कापायला निघाले, तर शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून हटकलं: निदान सहा आठवडे हात लावू नकोस, पानांना कंद भरू दे. मे महिनाभर बाग अगदी गबाळी दिसली. पाहुणे आले की मी पडदा ओढून घ्यायचे.