मरणाचा हेतू नसलेली इजा

मरीआईचा पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो, त्याला कोणी रोगी म्हणत नाही. पण एखादा तरुण मनातील दुःख असह्य झाले म्हणून एकांतात स्वतःच्या शरीराला इजा करून घेतो, तेव्हा काय समजावे? कोणी म्हणते, 'नाटक करतो'. कोणी म्हणते, 'जीव द्यायला निघाला'. मला ही दोन्ही मते उतावळी वाटतात.

अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत या वर्तनाचे निकष मांडले. मात्र मान्य विकार म्हणून नव्हे, तर अधिक अभ्यासाची गरज असलेली अवस्था म्हणून. ते थोडक्यात असे :

१) गेल्या वर्षभरात पाच किंवा अधिक दिवस जाणूनबुजून शरीराच्या पृष्ठभागाला इजा केलेली असावी, मरण्याचा हेतू नसावा.

२) इजेमुळे मनातील क्लेश हलका होईल, नात्यातील पेच सुटेल किंवा बरे वाटेल, अशी अपेक्षा असावी.

३) कृतीपूर्वी चिंता, राग, खिन्नता वा भांडण झालेले असावे, किंवा तोच विचार वारंवार मनात घोळत असावा.

४) कृती समाजमान्य नसावी. गोंदण, कान टोचणे, धार्मिक विधी यांत मोडत नाहीत. नखे कुरतडणे, खपली काढणे हेही नाही.

५) तिच्यामुळे लक्षणीय त्रास होत असावा किंवा अभ्यास, नाती यांत अडथळा येत असावा.

६) ती केवळ नशेत वा भ्रमाच्या अवस्थेत घडलेली नसावी, दुसऱ्या आजाराने तिचा अधिक चांगला उलगडा होत नसावा.

चौथ्या निकषामुळे पोतराज वेगळा पडतो, पहिल्यामुळे आत्महत्येचा प्रयत्न. परंतु 'हेतू नाही' म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे ठरेल. अशी इजा करणाऱ्यांत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला आढळतो. म्हणून मरणाचे विचार येतात का, हे शांतपणे व स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे.

निदान मात्र डॉक्टरांचे काम. मेहकर-भालकीसारख्या गावी मनोविकारतज्ज्ञ सहज भेटत नाही, हे खरे. पण २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य, मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते. प्राध्यापकांनी दरडावू नये, मित्रांनी हसू नये. जवळ बसून ऐकावे आणि हा क्रमांक लावून द्यावा, एवढेच माझे सांगणे आहे.