गाडी साठच्या पुढे का नाचते?

आजचा विषय गॅरेजचा वाटला तरी तो रस्त्याचा आहे, आणि आपल्या शेलूबाजारचा तर फारच आहे. आपल्या गावातून नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता जातो आणि गावाजवळच समृद्धी महामार्गावर चढायला वाट आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून गॅरेजात एक तक्रार फार ऐकू यायला लागली. "भाऊ, वावरात मस्त चालते, कारंज्यापर्यंत बी मस्त जाते. समृद्धीवर घेतली का स्टेअरिंग हातात राहत नाही."

गाडी तीच, चालवणारा तोच. मग बिघाड रस्ता बदलल्यावर कुठून आला? बिघाड आधीपासून होताच. चाळीसच्या वेगाला तो झोपलेला होता. समृद्धीवर छोट्या गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तिथे तो जागा झाला. म्हणून आम्ही पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो: कितीच्या स्पीडला? पार्ट बदलायची घाई नंतर.

आधी गाडी कुठली ते ठरवू. आपण बोलतोय पाट्याच्या जीपबद्दल. म्हणजे पुढे अखंड एक्सल, खाली पाटे. महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्या घराण्यातल्या गाड्या अजून आपल्याकडे शेतात, जंगलात, आणि हौशी पोरांच्या दारात उभ्या आहेत. मूळ आराखडा दुसऱ्या महायुद्धातला. चिखलात अडकू नये, दगडावरून जावी, मोडली तर पान्यानं दुरुस्त व्हावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. शंभरच्या स्पीडनं तासभर पळणं तिच्या नशिबात कोणी लिहिलं नव्हतं. मारुतीची जिप्सी घ्या, तिलाही पुढे अखंड एक्सल आणि पाटे. म्हणून आज जे सांगू ते बरंचसं तिलाही लागू पडतं. अलीकडच्या थारची पुढची चाकं स्वतंत्र लटकतात, तिचं गणित थोडं वेगळं.

या गाडीला आपण काय करतो? शॅकल लांब करतो, पाटे वाढवतो, ३१ इंची मड टायर घालतो, चाकं बाहेर दिसावीत म्हणून स्पेसर टाकतो, पुढे लोखंडाचा बंपर ठोकतो. दिसायला राजा! पण या प्रत्येक कामानं पुढच्या चाकाचं काही ना काही बदललेलं असतं.

आता सगळ्यात स्वस्त कारणापासून सुरू करू. ते कारण आपल्या पायाखाली आहे: काळी माती. पावसाळ्यात वावरातून निघालेली जीप बघा. टायरची माती रस्त्यावर उडून जाते, पण रिमच्या आतल्या बाजूला, ड्रमकडच्या पोकळीत, बसलेली माती तशीच राहते आणि वाळून सिमेंटसारखी होते. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. समजा फक्त ५० ग्रॅम माती एका बाजूला चिकटली. १६ इंची रिमवर, ३१ इंची टायर घालून ८० च्या वेगानं गेलात, तर चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं आणि त्या ५० ग्रॅमचा ओढा जवळजवळ सव्वातीन किलोचा होतो. सेकंदाला नऊ वेळा कोणीतरी चाकाला सव्वातीन किलोचा हिसका देतंय असं समजा. वेग अर्धा केला तर ओढा अर्धा होत नाही, पाव होतो. चाळीसला तो किलोच्या आतच. म्हणून गावात काही कळत नाही. आणि माती ५० ग्रॅमवर थांबते थोडीच? २०० ग्रॅम असेल तर तोच हिसका तेरा किलोचा.

म्हणजे पहिली तपासणी पाण्याच्या पाइपनं. चाक काढा, आतून धुवा, खरवडा. मग बॅलन्सिंग. माती काढायच्या आधी बॅलन्सिंग करून घेतलं, तर मातीसकट वजन जुळवलं जातं. आठ दिवसांनी माती गळून पडली की पुन्हा थरथर.

जाता जाता मीटरचीही गोष्ट सांगू. मूळ ६.००-१६ चं टायर साधारण २८ इंचाचं. त्याजागी ३१ चं घातलं की स्पीडोमीटर कमी दाखवतो. काटा ८० वर असतो तेव्हा गाडी ८७-८८ नं पळत असते. "साहेब, ऐंशीलाच हलते" असं कोणी सांगितलं तर त्यातले सात-आठ आम्ही मनातच मिळवतो.

बॅलन्सिंगची थरथर ओळखायची खूण म्हणजे ती ठराविक वेगाला येते आणि त्याच्या पुढे गेलात की बऱ्याचदा कमी होते. ६५ ते ८० मध्ये हलते, ९० ला शांत. ब्रेक, खड्डा, वळण यांच्याशी तिचा संबंध नसतो. खात्री करायची असेल तर पुढची दोन्ही चाकं मागे टाका आणि मागची पुढे आणा. थरथर हातातून निघून सीटखाली गेली, तर दोष चाकात. हातातच राहिली, तर चाकाला सोडा, स्टेअरिंगकडे या. पाना आणि जॅक असला की हे काम घरीही होतं.

ब्रेक दाबल्यावरच हलत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. लेथवर लावून बघा, घासण्याजोगा नसेल तर बदला. आणि थरथर सीटमध्ये, फरशीत जाणवत असेल, अॅक्सिलरेटर दाबला की वाढत असेल, तर स्टेअरिंगच्या मागे लागू नका. गाडी उंच केल्यावर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, तिथे जॉइंटचा क्रॉस बघा.

आता खरी भीतीची गोष्ट. गाडी सत्तरनं छान चाललीय. पुलाच्या जोडावर एक चाक आपटलं, आणि एकदम स्टेअरिंग डावं-उजवं, डावं-उजवं, इतक्या जोरात की अंगठा मोडेल. बोनेट नाचतोय, आरशात काही दिसत नाही. आणि ते आपोआप थांबत नाही. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत चालतं. जगभर हौशी लोक याला डेथ वॉबल म्हणतात. आपल्याकडे "गाडी नाचली" म्हणतात, तेही काही चूक नाही. हा रोग मोटारीइतकाच जुना आहे. फ्रान्समधल्या ब्रुलिए नावाच्या अभियंत्यानं १९२५ साली त्यावर लिहून ठेवलंय. विमानाच्या पुढच्या चाकालाही तो होतो.

बॅलन्सिंगची थरथर आणि हे नाचणं यात मोठा फरक आहे. तिथे बाहेरचा हिसका सतत लागतो. इथे एक धक्का पुरतो. पुढचं इंधन गाडीचा वेगच पुरवतो. कसं, ते बघू. सायकलचं चाक काढा, दोन्ही हातांनी एक्सल धरा, कोणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा, आणि मग एक्सल एका बाजूला कलवा. चाक गुपचूप कलत नाही, ते वळायला बघतं. जीपच्या अखंड एक्सलमध्ये एक चाक उचललं की दुसरं आपोआप कलतं. कललं की वळू पाहतं. वळताना जोडणीत ढील असेल तर ते वळतंच, मग टायर त्याला परत ओढतं, ते मधल्या जागेवर न थांबता पलीकडे जातं, एक्सल पुन्हा कलतो. झोक्याला वेळेवर धक्का मिळाल्यासारखं ते वाढत जातं. चाक जितकं जड आणि बाहेर काढलेलं, तितका झोका मोठा. मड टायर आणि स्पेसर इथे नडतात.

असं झालं तर काय करायचं? स्टेअरिंगशी कुस्ती करू नका, करकचून ब्रेक मारू नका. अॅक्सिलरेटर सोडा, गाडी सरळ ठेवून हळूहळू वेग उतरू द्या, आणि कडेला घ्या. नंतर "आता नाही हलत" म्हणून पुढे जाऊ नका. कडेला उभे राहून किमान चाकाचे नट आणि टाय रॉड हातानं हलवून बघा.

कारण शोधायची पहिली पद्धत दोन माणसांची. गाडी जमिनीवर, चाकं खाली टेकलेली. एक जण आत बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहील. दुसरा खाली वाकून प्रत्येक जोडावर हात ठेवेल: टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंक, स्टेअरिंग बॉक्स चेसिसला धरलाय ते बोल्ट, आणि जुन्या विलीज रचनेत मधला बेलक्रँक. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. रॉड हलतो पण पुढचा भाग क्षणभर उशिरा हलतो, तिथे ढील. स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट सैल असणं आणि चेसिसला तिथेच चीर जाणं, हे मोठ्या टायरच्या गाड्यांत नक्की बघा. दगडाला लागून टाय रॉड वाकलेला असेल तर टो-इन बिघडतं, तेही बघून घ्या.

मग जॅक लावा, घोडीवर ठेवा, आणि चाक वरून-खालून धरून हलवा. खडखडलं तर आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, तर हबचं बेअरिंग ढिलं. ब्रेक दाबूनही राहिला, तर किंगपिन. एवढ्या एका युक्तीनं बेअरिंगचा फुकटचा खर्च वाचतो. किंगपिनचा खेळ शिम घालून काढता येतो, पण बेअरिंगच खाल्लेलं असेल तर शिमनं चार महिने निघतील, जास्त नाही. पाट्याचे बुश, शॅकलची पिन आणि यू-बोल्टही बघा. नवे यू-बोल्ट टाकून गाडी उंच केली असेल, तर काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेच लागतात. हे बहुतेक जण करतच नाहीत.

सगळं घट्ट आहे, तरी नाचते? मग कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा बघा, तो मागे कललेला असतो, म्हणून हँडल सोडलं तरी सायकल सरळ जाते. जीपचा किंगपिनही बाजूनं बघितला तर वरचं टोक थोडं मागे असायला हवं. जुन्या विलीजला हा कोन ३ अंशांचा होता. त्यामुळे टायर किंगपिनच्या रेषेच्या मागे ओढलं जातं आणि स्वतःच सरळ होतं. आता ज्या जीपला शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते, तिची शॅकल लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे लोळतो, आणि किंगपिनचं वरचं टोकही पुढे येतं. तीन अंशांतले दोन तिथेच गेले. गाडी उंच झाली, पण सरळ राहायची तिची सवय गेली. वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही, रस्त्यावर सतत सांभाळावी लागते, ही त्याची आधीची खूण.

उपाय म्हणजे एक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर. पाटा एक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे, पाटा एक्सलच्या खाली असेल तर जाड बाजू पुढे. उलटी बसवलीत तर उरलेला कॅस्टरही जाईल. आणि फुकट काही मिळत नाही: एक्सल मागे फिरवला की पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा कोन बिघडतो, फोर-व्हील लावल्यावर क्रॉस लवकर जातो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. दोन-तीन अंशांच्या पाचरीत भागत नसेल, तर गाडी गरजेपेक्षा जास्त उंच झालीय. शॅकल परत छोटी करा.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. अपघातानंतर विम्याचा माणूस गाडी बघायला येतो, तेव्हा त्याला तुमचे स्पेसरही दिसतात.

आता समोरून दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली: "स्टेअरिंग डॅम्पर टाकला तर चालेल का?" टाका, पण सगळ्यात शेवटी. ढिल्या टाय रॉडवर डॅम्पर टाकला तर नाचणं दिसायचं थांबतं आणि रॉड आतल्या आत खात राहतो. डॅम्पर थकला की जे होईल ते आधीपेक्षा मोठं होईल. सगळे जोड घट्ट केलेल्या, कॅस्टर जुळवलेल्या गाडीवर मात्र तो चांगला. मोठ्या टायरला मदत होते.

दुसरी चिठ्ठी: "रिमोल्ड टायर पुढे चालतात का?" वावरात आणि गावात फिरायचं असेल तर मागे घाला. पुढे नको. समृद्धीवर जाणार असाल तर चारही नकोत. आणि निघायच्या आधी, टायर थंड असताना, हवा बघून घ्या. चिखलासाठी कमी केलेली हवा तशीच ठेवून महामार्गावर चढलेल्या जीपा आम्ही बघितल्यात.