गोष्ट वाचता येते का हो, तुमच्या मुलाला?

दिवाळीच्या सुट्टीआधीची पालकसभा होती. नाशिकच्या एका शाळेत मी अर्धवेळ शिक्षिका आहे. आठवड्यातले चार दिवस पाचवीला मराठी शिकवते, आणि आमचे धाकटे चिरंजीव तिथंच तिसरीत आहेत. त्यामुळे पालकसभेत पुढे शिक्षकांच्या रांगेत बसायचं की मागे आयांमध्ये, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. त्या दिवशी मागे बसले.

विषय होता एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या देणगीचा. शाळा सुधारायची, मुलांची प्रगती व्हायला हवी, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र प्रत्येकाचं निराळं. कुणी म्हणालं डिजिटल फळा घ्या. कुणाला गणवेश बदलून टाय हवा होता. एका गृहस्थांनी सुचवलं, "दर शनिवारी परीक्षा घ्या, आपोआप अभ्यासाला बसतील!" माझ्या शेजारच्या आई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "बाई, आमच्या मुलीला पाचवीत येऊनसुद्धा धड वाचता येत नाही हो. फळ्यानं येईल का?"

सभेत त्या काही बोलल्या नाहीत. खरं सांगायचं तर मीही बोलले नाही. फळा आला.

पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. रात्री ओटा आवरून झाल्यावर मी चिरंजिवांना पुस्तक काढायला लावलं. धडा घडाघडा वाचून झाला. मनात म्हटलं, आपल्या घरी तरी काळजी नाही. मग सहज म्हणून शेजारून आणलेल्या मासिकातली एक छोटीशी गोष्ट पुढे ठेवली. पहिल्याच ओळीला गाडी अडली. 'म्हातारी' वाचताना घाम, 'उन्हात' वाचताना घाम. तेव्हा उजेड पडला की पुस्तकातला धडा पोरानं ऐकून ऐकून पाठ केला होता! प्रगतिपुस्तकात 'अ' श्रेणी, आणि आई स्वतः मराठीची शिक्षिका. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, ही एवढीशी चाचणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 'प्रथम' ही संस्था १९९५ साली मुंबईत सुरू झाली, आणि २००५ सालापासून तिच्या पुढाकाराने देशभरातल्या खेड्यांत 'असर' नावाची पाहणी होते. कार्यकर्ते घरोघरी जातात, मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर सुटी अक्षरं असतात, साधे शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद असतो आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मूल कुठवर पोहोचतं ते पाहायचं, बस्स. पाच मिनिटांचं काम. २०२४च्या पाहणीत पाचवीतल्या जवळजवळ निम्म्याच मुलांना दुसरीची ती गोष्ट वाचता आली. 'खेड्यातलं आहे हे, आपण शहरातल्या,' असं आपण म्हणू. मीही त्या रात्रीपर्यंत तेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकेकाला जवळ बोलावून हाच प्रयोग केला. ४२ मुलांपैकी ११ जणं शब्दांशीच अडखळत होती. त्या आईंची मुलगी त्यांतच. आणि मी त्यांना वर्षभर समास समजावून सांगत होते!

आता उपाय कोणता करायचा? इथं एक चांगली गोष्ट अशी की आपल्याला अंदाजाने चालायची गरज नाही, कारण उपाय ताडून पाहण्याचं काम आपल्याच मुंबईत झालेलं आहे. महापालिकेच्या शाळांत 'प्रथम'ने 'बालसखी' नेमल्या होत्या. वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुली, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं दिवसातून दोन तास वर्गाबाहेर काढून त्यांना जे येत नाही तेच त्या शिकवायच्या. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची पारख केली. काही शाळांत बालसखी तिसरीला, काहींत चौथीला, आणि मग दोन्हींची तुलना. मुलं सुधारली, आणि जी सगळ्यांत मागे होती ती सगळ्यांत जास्त सुधारली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. (बॅनर्जींच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर बरं का! तेव्हा त्या नोबेलवर थोडा आपलाही हक्क.)

मला यातली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बालसखीकडे पंधरा-वीस मुलं गेल्यावर मूळ वर्ग आपोआप लहान झाला. आपल्याला वाटेल, मागे राहिलेल्यांचंही भलं झालं असेल. पण वर्ग लहान झाल्याने त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. बाई त्याच, शिकवणं तेच, धडा तोच. म्हणजे गर्दी कमी झाली म्हणून मुलं शिकली नाहीत. जिथं अडली होती तिथूनच कुणी शिकवायला घेतलं, म्हणून शिकली.

केनियातही क्रेमर यांनी नव्वदच्या दशकात असंच पाहिलं. शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट दिली, तरी सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्यांना. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि पुष्कळ मुलांची ती तिसरी भाषा होती. आपल्या कॉलेज रोडवर इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशासाठी धावपळ करणाऱ्या मैत्रिणींना हे मी मुद्दाम सांगते. त्या माझ्यावर रागावतात.

महाराष्ट्रातही काम झालेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना फरशीवर आखलेल्या तक्त्यांभोवती बसवलं, हातात मणी, काड्या, खडे दिले आणि ज्याला जे येतं तिथून पुढे नेलं. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. २२ जून २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा सरकारी निर्णय निघाला, त्याच्याही मुळाशी विचार हाच की प्रत्येक मूल शिकू शकतं, आणि ते कुठे आहे हे आधी तपासायचं.

हे सगळं मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, पण पोर्शन?" पोर्शनपुढे शाळेत देवाचंही चालत नाही. शेवटी पहिला एक तास मिळाला. तिसरी ते पाचवीची मुलं त्या तासापुरती इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसवायची. पाचवीतल्या दोन दांडग्या मुलांना तिसरीच्या पोरांशेजारी बसायची लाज वाटायची. त्यांना फळा पुसणं, तक्ते लावणं अशी कामं दिली, तेव्हा ती टिकली. भिंतीवर बाराखडी. रोज एक नवी गोष्ट, आधी मी बोट ठेवून वाचायची, मग सगळ्यांनी मिळून, मग एकेकानं. शेवटी त्यातल्याच शब्दांनी आपल्या मनाचं एक वाक्य लिहायचं. एकानं लिहिलं, 'आई रविवारी ओरडत नाही.' मी काही दुरुस्ती केली नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा कागद पुढे ठेवला. ११ पैकी ७ जणं गोष्टीपर्यंत पोहोचली. एकाला अक्षरंच नीट दिसत नव्हती. इतकी वर्षं त्याला आम्ही आळशी म्हणत होतो, आणि हवा होता चष्मा! उरलेल्या तिघांचं अजून चाललंय. आणि तास बंद करायचा नाही हेही पक्कं ठरलंय, कारण मुंबई-बडोद्याला कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात फायदा बराच ओसरला होता. फोडणी दिली की भाजी झाली, असं या कामात होत नाही.

घरी काय करावं, असं विचाराल तर मी जे केलं ते सांगते. रोज पंधरा मिनिटं, अभ्यासाच्या पुस्तकातलं नव्हे तर नवं काहीतरी. दुकानाची पाटी, साबणाचं वेष्टन, मामाचं पत्र, काहीही. चुकला की लगेच शब्द सांगायचा नाही, थोडं थांबायचं. (हे मला सगळ्यांत जड गेलं.) भावंडांसमोर हसायचं नाही. आणि आपलं शिक्षण कमी म्हणून मागे राहायचं नाही. २०२२ साली राज्यात 'पहिले पाऊल' अभियान झालं, त्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले होते. त्या घरात असलेल्या डाळी, चमचे, कपडे घेऊन मुलांना मोजायला आणि निवडायला शिकवत होत्या.

शाळेतही आपल्याला जागा आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात, आणि समितीतल्या निम्म्या जागा बायकांच्या. पण नुसती समिती पुरत नाही. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावोगाव सभा घेऊन पालकांना त्यांचे हक्क समजावले, तेव्हा शाळांत काहीच बदललं नाही. जिथं गावातल्या तरुणांनी शाळेबाहेर वाचनाचे वर्ग घेतले, तिथं येणारी मुलं वाचू लागली. म्हणून सभेत जाल तेव्हा एकच प्रश्न न्या: जूनमध्ये या वर्गातली किती मुलं गोष्ट वाचत होती, आणि आज किती वाचतात?

मागच्या पालकसभेत तो प्रश्न त्या आईंनीच विचारला, उभं राहून. सभा थोडी गप्प झाली. मग मुख्याध्यापिकाबाईंनी वही उघडून आकडे वाचून दाखवले.

आमचे चिरंजीव हल्ली सिटी बसमधून जाताना रविवार कारंजापासून पंचवटीपर्यंतच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचतात. परवा 'येथे थुंकू नये' हे तीनदा वाचलं. बसमधले दोघं जण खिडकीपासून सरकून बसले.