बेडफर्ड पार्कचं चर्च

पश्चिम लंडनमध्ये टर्नहॅम ग्रीन स्टेशनाजवळ जोनाथन कार यांनी १८७५ मध्ये बेडफर्ड पार्क ही वसाहत उभारायला घेतली. जुनी झाडं राखून रस्ते आखले गेले. वसाहतीचं अँग्लिकन पॅरिश चर्च म्हणजे ‘सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स’. १८८० मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. वास्तुकार नॉर्मन शॉ यांनी त्याला आजूबाजूच्या घरांचंच रूप दिलं: लाल विटा, पांढरं रंगवलेलं लाकूडकाम, छपरावर छोटासा मनोरा. रस्त्यापलीकडचं टॅबर्ड इन हे मद्यालय आणि त्याला लागून असलेली दुकानंही शॉ यांचीच. प्रार्थना, बाजारहाट आणि गप्पा एकाच नाक्यावर आणणारी ही मांडणी मला त्यांच्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पहिल्या धर्मगुरूंच्या काळात इथल्या उपासनेला रोमन कॅथलिक वळण असल्याची तक्रार झाली होती.

पुढे जुनी घरं पाडली जाऊ लागली, तेव्हा रहिवासी एकवटले. १९६३ मध्ये बेडफर्ड पार्क सोसायटी स्थापन झाली. १९६७ मध्ये चर्चच्या पुढाकाराने पहिला बेडफर्ड पार्क महोत्सव भरला आणि त्याच वर्षी वसाहतीतल्या ३५६ घरांना सरकारी वारसा-संरक्षण मिळालं. २००९ पासून चिझिक पुस्तक महोत्सवाचे कार्यक्रमही याच चर्चमध्ये होऊ लागले.