हट्टी नैराश्यावरचा नाकातला स्प्रे : नगरकरांनी क्लिनिक शोधताना

औषधाचं नाव एस्केटामिन. भुलीसाठी वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या केटामिनचंच हे भावंड. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मान्यता मिळाली, तीही हट्टी नैराश्यासाठी. म्हणजे दोन वेगळी औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही फरक नाही असं. आठवडाभर गोळ्या खाऊन सोडल्या, ते यात धरत नाहीत.

सर्दीच्या स्प्रेसारखी ही बाटली घरी मिळत नाही. स्प्रे दवाखान्यातच घ्यायचा. एका नळीत २८ मिलिग्रॅम. अशा दोन किंवा तीन, मध्ये पाच-पाच मिनिटं थांबून. आधी दोन तास जेवण बंद. बीपी आधी बघतात, चाळीस मिनिटांनी पुन्हा. गरगरतं, आजूबाजूचं सगळं लांब गेल्यासारखं वाटतं, म्हणून किमान दोन तास बसवून ठेवतात. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. पहिला महिना आठवड्यातून दोनदा. क्लिनिक पुण्याचं असेल आणि जाऊन-येऊन करायचं तर सोबतीला माणूस हवाच, आणि रजाही!

म्हणून आधी सिव्हिल किंवा लोणीच्या प्रवरा मेडिकल कॉलेजातल्या मानसोपचारतज्ज्ञाला जुन्या चिठ्ठ्या दाखवा. चिठ्ठी त्यांची, मग क्लिनिक. फोनवरच विचारा : बीपी कोण बघतं? देता ते एस्केटामिन की शिरेतून केटामिन? केटामिन २०१३ पासून शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या औषध-यादीत आहे. म्हणून 'कुरिअरने पाठवतो' म्हणणाऱ्याचा नंबर सरळ ब्लॉक करा.

मरणाचे विचार येत असतील तर क्लिनिक राहू दे, आत्ताच टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.